वाडग्याच्या दारची माती

एल रेस्कोल्दोत मुलगा जन्माला आला की सात दिवस त्याचं नाव कुणी घेत नसे. नाव ठेवलेलं असायचं, सुईणीने डोक्यावर पाण्याचे चार थेंब टाकून ते देवाला कळवलेलंही असायचं, पण तोंडातून काढायचं नाही. 'तो प्यायला का?' 'तो झोपला का?' असंच सगळे विचारायचे. सातवा दिवस टळला की आई दारात उभी राहून, टेकडीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, पोराला नावाने हाक मारायची. माझ्या पहिल्या मुलाला मी अशी हाक कधी मारली नाही. दुसऱ्यालाही नाही. म्हणून इथे लिहून ठेवते: मार्कोस आणि लिसांद्रो.

परवा आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मिसिया कुस्तोदियाच्या नावाची पाटी लावली. 'चारशे बाळंतपणं करणारी आमची थोर सुईण' असं तिच्यावर रंगवलंय. नवा डॉक्टर पोरगा मला म्हणाला, आजी, तुम्ही त्यांना ओळखत होता, दोन शब्द बोला. मी म्हटलं, घसा बसलाय. घशाला काही झालेलं नव्हतं. मला जे सांगायचं होतं ते फीत कापायच्या दिवशी, कागदी फुलांच्या खाली उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. घरी आले आणि नातीची वही घेऊन बसले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झालेय, आता कुणाला घाबरायचं?

कुस्तोदिया उंच होती, हाडापेराने दणकट, आणि डोक्यावर कायम मेलेल्या नवऱ्याची टोपी. चिरूट ओढायची ती जळतं टोक तोंडात ठेवून. आमच्या डोंगराकडच्या सगळ्याच म्हाताऱ्या तशा ओढायच्या, पण ही त्याच तोंडाने बोलायची आणि कळा देणाऱ्या बाईला शिव्याही घालायची. "आता बोंबलतेस? नऊ महिन्यांपूर्वी नाही बोंबललीस ती!" अडलेली बाई त्या कळांतही हसायची, आणि हसता हसता पोर बाहेर यायचं. गावात मानाची बाई ती एकच, म्हणून नुसतं 'मिसिया' म्हटलं तरी तीच समजायची.

तिचं माहेर सोन्सोनचं. चौदाव्या वर्षापासून मावशीच्या मागे पिशवी घेऊन हिंडली आणि सुईणपण शिकली. हजार दिवसांच्या युद्धात नवरा गेला. लढाई संपली त्या वर्षी आम्ही अकरा कुटुंबं बैलांवर संसार लादून दक्षिणेकडे निघालो, तेव्हा तीही आपल्या मुलीला, बेतुलियाला, घेऊन निघाली. मी तेव्हा अठराची, नव्या लग्नाची. वाटेत गारठलेल्या माळावर, गारांच्या माऱ्यात, एका बाईला कळा सुरू झाल्या. कुस्तोदियाने बैलाच्या पाठीवरची घोंगडी ताणून धरायला लावली. कात्री दिव्याच्या ज्योतीत धरली, नाळ कापली, जुनी चिंधी जाळली आणि तिची गरम राख मेणबत्तीच्या चरबीत कालवून बेंबीवर दाबली. मावशीने शिकवलेली रीत तीच. दुपारी ती बाई पोरासकट पुन्हा बैलावर बसली होती. ते पोर आज साठीचं आहे आणि अजून हद्दीच्या दगडावरून माझ्याशी भांडतं.

इथे पोचल्यावर आम्ही जंगल पेटवलं. तीन आठवडे निखारे विझत नव्हते, त्यावरूनच गावाला एल रेस्कोल्दो, म्हणजे निखारे, हे नाव पडलं. आम्हाला इथवर आणणारा अनातोलियो, सगळे त्याला पापा म्हणायचे. वयाने काही म्हातारा नव्हता, पण त्याच्यासमोर आवाज चढवायची कुणाची टाप नव्हती. गावातलं पहिलं बाळंतपण त्याच्याच घरचं. मुलगा झाला. कुस्तोदियाने चिंधी पेटवायला घेतली तेवढ्यात पापा बाहेर गेला, शेताच्या बांधावरची मूठभर जळकी माती घेऊन आला आणि म्हणाला,

"थांब. ही लाव."

"माझ्या मावशीने मला माती शिकवली नाही," कुस्तोदिया म्हणाली.

"तुझ्या मावशीला जमीन होती का?"

सगळे खदखदून हसले. कुस्तोदियाही हसली. तिकडे डोंगरात आमच्या बापजाद्यांच्या नाळा मालकांच्या जमिनीत पुरलेल्या होत्या. इथली जमीन आमची होती, आणि पापाचं म्हणणं होतं की जमिनीला आपल्या पोरांची ओळख पहिल्या दिवशीच पटायला हवी. बोलणं सगळ्यांच्या काळजाला भिडलं. माझ्याही. कुस्तोदियाने चिमूटभर माती त्या ओल्या बेंबीवर दाबली, आणि तेव्हापासून ती आमची रीत झाली. जिथे नाळ पुरायची तिथलीच माती लावायची. मुलगी चुलीची, म्हणून तिची नाळ चुलीच्या कडेला आणि बेंबीला चुलीतली राख. मुलगा जमिनीचा आणि जनावरांचा. पहिल्या वर्षी जनावरं कोंडायचं वाडगंच नव्हतं, म्हणून मुलांची नाळ बांधावर पुरली. त्या वर्षी चार मुलगे झाले. चौघेही जगले आणि रीत पक्की झाली.

दुसऱ्या वर्षी खेचरं आली. वाडगी उभी राहिली, वाटसरूंचे खेचरांचे तांडे मुक्कामाला येऊ लागले, शेणमुताने वाडग्यांची दारं घोटाभर चिखलाची झाली. मग ठरलं, मुलाची नाळ वाडग्याच्या दारात पुरायची, म्हणजे जनावरं जन्मभर त्याच्या हाताखाली राहतील. माती अर्थातच तिथलीच.

पहिला गेला तो पापाचाच मुलगा.

आम्ही त्या रोगाला 'सातवा' म्हणायचो. पुढे डॉक्टर आले आणि त्यांनी धनुर्वात हे नाव सांगितलं, पण नाव कळून काय होतं? चौथ्या-पाचव्या दिवशी पोर दूध सोडतं. तोंडात स्तन दिला तरी जबडा उघडत नाही. मुठी आवळतात, अंग धनुकलीसारखं मागे वाकतं आणि ओठ दोन्हीकडे ताणले जातात. माझा मार्कोस हसतोय असं मला वाटलं होतं. मी नवऱ्याला, एलिओदोरोला, हाका मारून बोलावलं, बघा, बघा, हसतोय. पहिलटकरीण होते, मला काय कळणार? कुस्तोदिया पाळण्यावर वाकली आणि तिने चिरूट तोंडातून काढला. ती चिरूट काढायची ती फक्त पोर जाणार असलं तर, म्हणून मी समजले.

मग आमच्या चालीप्रमाणे सगळं झालं. पोराला पांढरं घालून, पाठीला कागदाचे पंख लावून टेबलावर खुर्चीत बसवलं. दुपारपासून गिटार वाजू लागली, उसाची दारू फिरली, नाच सुरू झाला. तान्हं पोर गेलं म्हणजे सरळ देवदूत झालं, त्यात रडण्यासारखं काय? आईने तर मुळीच रडायचं नाही. कुस्तोदिया प्रत्येक आईच्या कानाशी तेच सांगायची: "टिपूस काढू नकोस, पोरी. पंख भिजले तर तो वर कसा जाईल?" मी नाही रडले. मार्कोसच्या वेळी मी नाचले. लिसांद्रोच्या वेळी पाय उचलत नव्हते, तर मला दोघींनी धरून नाचवलं.

सात वर्षांत चौदा मुलगे गेले. एखादा मध्येच जगायचा, म्हणून आशा सुटत नव्हती. मुली मात्र सगळ्या जगल्या, एकही गेली नाही. झऱ्यावर गेलं की मुलीच मुली. पुरुष म्हणायला लागले, जंगल जाळलं त्याचा हा सूड आहे, ही जमीन पोरगे खाते. कुऱ्हाड चालवताना माणसं मागे वळून बघायला लागली. पोटुशी बाई दिसली की लोक बोलणं थांबवायचे आणि तिच्या पोटाकडे पाहायचे. मला तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी रोज सकाळी उठून मुलगी होऊ दे म्हणून देवापुढे डोकं टेकायचे. झाली. पहिल्यांदाच मी देवाचे आभार मानले, आणि नवऱ्याने तोंड फिरवलं.

आणि गावात एक घर असं होतं की जिथे मुलगेच मुलगे, एकापेक्षा एक गलेलठ्ठ. पापाच्या जमिनीच्या खालच्या टोकाला मजुरांची झोपडी होती. त्यात सेनोविया राहायची. तिला चार मुलगे. नाकं गळताहेत, पोटं उघडी, दिवसभर चिखलात कुस्त्या. ज्यांच्याकडे जमीन त्यांना वारस नाही आणि जिच्याकडे मूठभर माती नाही तिच्या घरात चार! लोकांच्या डोळ्यांत ते सलायला लागलं. कुणी म्हणालं, ती स्वतःच्या पोरांसाठी गावाचे पोरगे जंगलाला देते. कुणी म्हणालं, तिची नजर पडली की दूध आटतं. तिच्या दारावर कुणीतरी राखेने क्रूस काढला. मग एक दिवस मान पिरगळलेली कोंबडी सापडली. मीही बोलले, खोटं कशाला सांगू? झऱ्यावर ती आली की मी माझी मुलगी शालीच्या पदराआड घ्यायचे.

सेनोवियाला पाचव्याच्या कळा सुरू झाल्या तेव्हा तिच्याकडे जायला कुणी तयार नव्हतं. कुस्तोदिया गेली. वाटेत मला म्हणाली, "चल फेलिसिंदा, पाणी तापवायला हात हवाय."

"मला नाही यायचं त्या बाईकडे."

"नको येऊस. पण तुझ्या वेळी मीही असंच म्हणेन हं."

गेले. पोर झालं, पाचवा मुलगा, कोंबड्यासारखा ओरडणारा. कुस्तोदियाने कात्री ज्योतीत धरली, नाळ कापली आणि सवयीने म्हणाली, "माती आणा."

सेनोविया पडल्यापडल्या हसायला लागली. "कुणाची माती, मिसिया? पहिल्या वेळीच पापांनी ताकीद दिलीय. ज्याची जमीन नाही त्याच्या पोराला माझी माती लावायची नाही, उद्या हक्क सांगायला येईल. आमच्या पोरांना तुम्ही चिंधीची राखच लावता की. विसरलात?"

"विसरले खरी," कुस्तोदिया म्हणाली आणि चिंधी पेटवली. मग हातातली चिंधी जळत जळत बोटांपाशी आली तरी तिने टाकली नाही. मी म्हटलं, मिसिया, हात भाजेल. तिने माझ्याकडे पाहिलं, पण तिला मी दिसत नव्हते.

त्यानंतर ती विचित्र वागायला लागली. दारोदार जाऊन काहीबाही विचारायची. माझ्याकडे आली, मी मक्याच्या अरेपा भाजत होते, चुलीशी उकिडवी बसली.

"मार्कोसच्या वेळी माती कुठून आणली होती गं?"

"वाडग्याच्या दारातून. आणखी कुठून?"

"आणि लिसांद्रोच्या वेळी?"

"तिथूनच. असं का विचारता?"

"पोरीच्या वेळी चुलीतली?"

"तुम्हीच तर लावलीत, मिसिया! म्हातारपण आलं का?"

"आलं," ती म्हणाली. मी दिलेलं गुळाचं गरम पाणी न पिता तशीच उठून गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा तिचा वळसा चालला होता. फक्त शेवटी तो स्वतःच्याच काखेत येऊन थांबणार हे तिला माझ्या आधी कळलं होतं.

त्या महिन्यात प्रिमितिवा नावाच्या बाईला मुलगा झाला. तिच्या नवऱ्याने वाडग्याची माती आणून दिली. कुस्तोदियाने पाठ फिरवून ती पदरात टाकली आणि पदराच्या दुसऱ्या टोकाला बांधून आणलेली चिंधीची राख लावली. तेव्हा कुणालाच कळलं नाही. पोर जगलं. सातव्या दिवशी प्रिमितिवाने दारात उभं राहून हाक मारली आणि सगळा गाव हसत बाहेर आला. कुस्तोदिया तेवढी घरात दार लावून बसली होती. ती तशीच गप्प राहून, प्रत्येक वेळी माती बदलत राहिली असती, तर आम्हाला कधीच कळलं नसतं आणि तिचंही नाव कायमचं निर्मळ राहिलं असतं. हे मी तिच्यासाठी मुद्दाम लिहितेय.

पण पुढची पाळी तिच्या स्वतःच्या बेतुलियाची होती. बेतुलिया पापाच्या थोरल्या मुलाला, क्रिसांतोला, दिलेली. म्हणजे येणारं पोर कुस्तोदियाचा नातू आणि पापाचाही. पापाने आधीच जाहीर केलं होतं, "या पोराला माती मी स्वतः लावणार. आणि यालाही 'सातवा' झाला, तर ती खालची बाई आणि तिची पिल्लं या गावात राहणार नाहीत. झोपडी मी स्वतः पेटवीन." पुरुषांनी माना डोलावल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला सगळे किती पटकन तयार होतात! मीही त्या दिवशी विरोध केला नाही.

सोमवारी सकाळी बेतुलियाला कळा सुरू झाल्या. बाहेर धुकं इतकं की वाडग्यातली खेचरं नुसती ऐकू येत होती. मी पाण्यापाशी होते. कुस्तोदियाने त्या दिवशी एकही शिवी दिली नाही, आणि त्यानेच मला भीती वाटली. दुपारच्या आत मुलगा झाला. नाळ कापून बांधली तोवर पापा दारात उभा होता. मूठ बंद, मुठीतून काळं पाणी गळत होतं.

"सरक, कुस्तोदिया."

ती सरकली नाही. तिने बाळाच्या पोटावर आपला हात ठेवला.

"ती बाहेर टाका, पापा."

"काय?"

"ती माती बाहेर टाका. पोरगे जंगलाने खाल्ले नाहीत. सेनोवियाने खाल्ले नाहीत. वाडग्याच्या दारची माती उघड्या बेंबीला लागली म्हणून गेले. मुलींना चुलीतली राख लावली, त्या जगल्या. सेनोवियाच्या पोरांना तुम्ही माती नाकारलीत, ते जगले. प्रिमितिवाच्या पोराला मी लावलीच नाही, तोही जगला." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "चौदाही या माझ्या बोटांनी मारले."

बेतुलिया उशीवरून मान उचलून आईकडे बघत राहिली. माझ्या हातातलं भांडं कधी खाली ठेवलं मला आठवत नाही.

"माती मारत नाही," पापा म्हणाला. "सेनोवियाची पोरं दिवसभर माती खातात!"

"खातात. बेंबी सुकल्यावर."

"त्यातले दोन माझे होते, कुस्तोदिया. त्यांची माती मी आणली होती. या हाताने."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "म्हणूनच तुमच्यासमोर बोलतेय."

त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, हा आता तिला मारणार. पण तो पुढे आला आणि तिचा हात बाळावरून ओढू लागला. ते सगळं खोटं ठरवण्याचा एकच मार्ग त्याच्याकडे होता. माती लावायची आणि पोर जगलेलं दाखवायचं. "फेलिसिंदा! धर हिला!" तो ओरडला.

मी उठले. माझे दोन पोरगे मारणारी बाई समोर होती, आणि मला तिला धरायला सांगितलं होतं. देवाशपथ सांगते, धरायलाच उठले होते. मग माझं लक्ष त्याच्या मुठीतून गळणाऱ्या त्या काळ्या पाण्याकडे गेलं. एलिओदोरोच्या मुठीतूनही असंच गळत होतं, दोन्ही वेळा, आणि मी अंथरुणावरून त्याच्याकडे बघून हसले होते. मी पापाचं मनगट धरलं आणि एकेक बोट उकललं. तो दणकट माणूस, मला एका झटक्यात फेकून दिलं असतं. त्याने बोटं उकलू दिली. माती जमिनीवर पडली आणि मी ती झाडूने बाहेर लोटली. कुस्तोदियाने चिंधी पेटवली.

मग सात दिवस सुरू झाले. एव्हाना ती काय बोलली ते सगळ्या गावाला कळलं होतं. बाळ मेलं तर ती खोटी ठरणार होती आणि सेनोवियाची झोपडी जळणार होती. बाळ जगलं तर चौदा पोरांची मारेकरी ती, हे सिद्ध होणार होतं. तिच्यासाठी यात चांगलं असं काहीच नव्हतं, तरी ती पाळण्यापाशी बसून दर तासाला बोट धुऊन बाळाच्या तोंडात घालून बघायची, जबडा सैल आहे ना. बाहेर पापा अंगणात स्टूल टाकून बसलेला, मांडीवर कोयता, तोंड खालच्या झोपडीकडे. झोपडीतून आवाज येत नव्हता. पाच पोरांच्या घरातून दिवसभरात एकही आवाज नाही! मुलगे गेलेल्या आयांपैकी कुणी कुस्तोदियाशी बोलेना. तिच्या ताटात अन्न वाढणारीही बेतुलियाच, तीही तोंड फिरवून. पाचव्या दिवशी गिटारवाला येऊन कुंपणापाशी उगाच उभा राहिला. क्रिसांतोने त्याला दगड मारून हाकललं.

सातव्या दिवशी, रविवारी, आम्ही सगळ्या बायका अंगणात जमलो होतो. कुणी बोलावलं नव्हतं. बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही. आणि मग बेतुलिया किंचाळली.

"आई गं! चावतोय मेला! हिरड्यांनी चावतोय!"

जबडा आवळलेलं पोर चावत नाही. आईचं दूध असं ओरबाडून पिणारं पोर सातव्याचं नसतं. पापा स्टुलावरून उठला. आम्हाला वाटलं, आत जाईल. तो वाडग्याकडे गेला आणि कोयत्याने दाराचे खांब तोडायला लागला. खांब पडले तरी तोडत राहिला. खेचरं बाहेर पडली आणि तीन दिवस गावभर मका खात हिंडली. त्यांना कुणी हाकललं नाही. सेनोवियाची पोरं बाहेर येऊन त्यांच्यामागे पळायला लागली. बेतुलिया दारात आली आणि तिने पोराला नावाने हाक मारली, पण टेकडीपलीकडे ऐकू जाईल अशी नाही, अगदी हळू. समोर आम्ही उभ्या होतो ना.

मी तिथून निघाले आणि सरळ टेकडीवर गेले. तिथे बांबूचे छोटे चौदा क्रूस होते. कुस्तोदिया माझ्या आधी पोचली होती. मागच्या दाराने आली असणार. शेवटच्या क्रुसाजवळ मातीतच बसली होती, तोंडात विझलेला चिरूट. मी तिला उठायला सांगितलं. ती उठली. मी तिच्या मुस्काटात मारली. टोपी पडली, चिरूट पडला. तिने टोपी उचलली नाही.

"आणखी एक राहिली," ती म्हणाली. "तुझे दोन होते."

माझा हात वर गेला आणि तिथेच राहिला. मग छातीतून काहीतरी असं वर आलं की मला उभं राहवेना. मी मार्कोसच्या क्रुसाला धरून खाली बसले. सात वर्षं दाबून ठेवलेलं. मला लाज वाटली, भीती वाटली, पदर तोंडात कोंबला. आणि जी बाई आयुष्यभर आमच्या कानाशी रडू नका सांगत आली, तिने माझ्या तोंडातून तो पदर काढला.

"रड, पोरी," ती म्हणाली. "भिजू देत पंख."

मागून एकेक करून बाकीच्या वर आल्या. त्या दिवशी टेकडीवर आम्ही किती वेळ रडत होतो ते सांगता येणार नाही. खाली पुरुषांना ऐकू जात होतं. एकही वर आला नाही.

पुढे वर्षभर तिला कुणी बोलावलं नाही. त्या वर्षी दोन बायका घरातच रक्त जाऊन मेल्या. तो दोष आमचा आहे, तिचा नाही. मग मला पुन्हा दिवस गेले तेव्हा मीच निरोप धाडला, आणि ती हात कोपरापर्यंत धुऊन, उकळलेली कात्री घेऊन आली. मुलगा झाला. तो जगला. त्यानंतर ती आणखी एकवीस वर्षं जगली, आणि पाटीवरची निम्मी बाळंतपणं त्या वर्षांतली आहेत. आमच्याकडे 'सातवा' पुन्हा आला नाही.

ती गेली तेव्हा तिला आंघोळ मी घातली. तिची बोटं मी नीट पाहिली, कात्रीने पडलेल्या घट्ट्यांसकट. तेव्हा मला आठवलं की त्या रविवारी आम्ही सगळ्या रडलो, पण ती रडली नव्हती. ती प्रत्येकीची पाठ थोपटत फिरत होती आणि डोळे कोरडे. तिचे तर चौदा होते. 'तूही रड' असं तिला आमच्यातली एकही म्हणाली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढच्या बावीस वर्षांतही नाही. मी रोज भेटायचे तिला. मीही म्हणाले नाही.